राहू का, मालक?

माझ्या वहीत एका शेताच्या मालकांची यादी आहे. क्रमांक, मालक कोण, जमीन त्याच्याकडे कशी आली आणि शेवटच्या रकान्यात तो आमच्याशी काय बोलला. पाच मालक आहेत. पाचव्यापुढचा शेवटचा रकाना रिकामा आहे.

शेत आमचं कधीच नव्हतं. आम्ही त्याचे राखणदार. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ आमचं गाव. अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि भांडताना सगळे दोन्ही. गावापासून शेत चालत वीस मिनिटं. शेताच्या कोपऱ्यात एक जुना लिंब, लिंबाखाली आमचं दोन खोल्यांचं घर. भिंती मातीच्या, वर पत्रे. पणजोबांना पहिल्या मालकानं तिथं बसवलं ते पाखरं आणि चोर हाकलायला. तेव्हापासून शेत विकलं गेलं की विहीर, लिंब आणि आम्ही असे तिन्ही नव्या मालकाकडे जायचो.

मी दहावीनंतर सोलापूरला आले, शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागले आणि आता तिथं वरिष्ठ लिपिक आहे. त्या घरात माझा थोरला भाऊ राहिला. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. साठी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, आणि त्या दोन खोल्यांबाहेर त्यानं कुठं सलग चार दिवस काढलेले मला आठवत नाहीत. गेल्या वर्षभरात मी जी धावपळ केली ती अण्णाला त्या घरातून उठावं लागू नये म्हणून. ती फुकट गेली. फुकट गेली तर गेली, पण माझ्यामुळे गेली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी येळवस सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जातं. ज्वारी कणसात आलेली असते. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, ज्वारीचे वाफवलेले उंडे, शेंगांची पोळी, खीर आणि बिंदगीतली, म्हणजे छोट्या घागरीतली, अंबील. ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं, आणि ज्याला शेत नाही त्याला आधी बसवायचं. आम्हाला शेत नव्हतं, त्यामुळे आमची पंगत नेहमी पहिली. लहानपणी मला वाटायचं, शेत नसणं हा एक मान आहे.

आमच्या घराची त्यात एक वेगळी रीत होती. शेताला नवा मालक आला की त्याच्या पहिल्या येळवसला, पूजा झाल्यावर, आमच्या घरातला कर्ता पुरुष डोक्याला पटका बांधून पुढे व्हायचा, मालकाच्या हातात विडा द्यायचा आणि विचारायचा, "राहू का, मालक?" मालक म्हणायचा, राहा. मग सगळे हसायचे आणि जेवायला बसायचे. उत्तर ठरलेलंच होतं. नाही म्हणालेला मालक आमच्या घराण्याच्या माहितीत नाही.

पहिला मालक इनामदार. तो सोलापुरात राहायचा, वर्षातून दोनदा यायचा. पणजोबांना त्यानं काय उत्तर दिलं ते माहीत नाही. पण आम्ही राहिलो, म्हणजे हो म्हणाला असणार. वहीत मी तिथं "राहा (अंदाजे)" असं लिहिलं आहे.

मग कूळकायदा आला. जो कसतो त्याची जमीन. शेत कसत होता एक कानडी बोलणारा शेतकरी. इनामदाराचा कारभारी आजोबांकडे आला. हा माणूस कूळ नाही, रोजानं येणारा गडी आहे, एवढं सांगायचं. आजोबा कचेरीत गेले, उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. कूळ जिंकलं. आजोबा कसत नव्हते, राखत होते, आणि राखणाऱ्यासाठी त्या कायद्यात एक ओळही नव्हती. पुढच्या येळवसला आजोबांनी त्याच कुळाला विडा दिला. कालपर्यंत तोही दुसऱ्याच्याच रानात होता. म्हणतात की त्यानं विडा कपाळाला लावला. मग म्हणाला, "इरप्पा, इरू." राहा रे बाबा, राहा.

त्याच्या मुलांच्या वाटण्या झाल्या, वाद झाले, आणि शेत सोलापुरातल्या एका चादर कारखानदारानं घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तिसरीत होते. ते लोक मेटाडोर भरून आले. बायका तेलुगूत बोलत होत्या, पोरं विहिरीत खडे टाकत होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, विडा दिला आणि विचारलं. कारखानदार गडबडीत आपल्या भाषेत म्हणाला, "उंडु, उंडु." आईला वाटलं, भूक लागली आहे. तिनं ज्वारीचे दोन उंडे त्याच्या हातावर ठेवले. त्यानंही ते मुकाट खाल्ले. उंडु म्हणजे राहा, असा कुणीतरी अर्थ सांगितला तेव्हा आप्पा इतके हसले की पटका सुटला. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

चौथा मालक एका साखर कारखान्याचा चेअरमन. तो शेतात कधी आलाच नाही. ऊस लागला, विहिरीवर मोठी मोटर बसली, येळवसला मॅनेजर आला. आप्पा गेलेले होते, म्हणून विडा अण्णानं दिला. मॅनेजर म्हणाला, मी काय मालक न्हाय, थांबा. त्यानं मोबाइल लावून स्पीकरवर टाकला.

"साहेब, ते राखणदार इचारतंय, राहू का म्हणून."

"कोण?"

"राखणदार, साहेब. लिंबाखालचं."

"हां हां. राहू दे की. ऊस बघ म्हणावं."

अण्णा त्या दिवशी खूश होता. "फोनवर का हुईना, सवता बोलले की," तो दोन-तीनदा म्हणाला.

चेअरमननी शेत विकलं हे आम्हाला मोजणीवाले आले तेव्हा कळलं. अण्णाचा फोन आला, मी शाळेच्या दाखल्यांवर शिक्के मारत होते.

"आगं, तारा ओढाय लागल्यात."

"कोण?"

"सोलरवाले. पोरं चांगली हायत. च्या पिऊन गेली."

"घराचं काय म्हणाले?"

"घर नकाशात दिसंना म्हनले. मी म्हनलं, आरं तुमी घरातच बसलायसा की."

मागून वहिनींचा आवाज आला. "वन्सं, त्येंला कायबी वाटंना बगा. महिन्यात खाली करा म्हनून कागद देऊन गेल्यात, आन् ह्ये त्येंला च्यात आलं घालू का इचारायलेत."

मी शनिवारी गावी गेले. जाताना एसटीत यादी केली: काय कागद आहेत, काय मिळू शकतात, कोणाकडे जायचं. घरात रेशनकार्ड होतं, गॅसचं पुस्तक होतं आणि आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर गावाचं नाव होतं. घराच्या नावानं काही नव्हतं. विजेचं मीटर मालकाच्या नावावर, जागा मालकाच्या नावावर. लिंबसुद्धा सातबाऱ्यावर नोंदलेला होता. आम्ही नव्हतो.

आमच्या शाळेत शिकलेले एक वकील सोलापुरात आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं उघडपणे राहताय, तर काहीतरी मांडता येईल. तुम्ही सगळं लिहून काढा. मालक कोण कोण, कधी बदलले. मला दाखवा, मग अर्ज करू."

दीड महिना मी ते काम केलं. तलाठ्याकडून फेरफार काढले. मोडीतली जुनी नोंद एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतली. पंचायतीजवळच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांना बसवून विचारलं. प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघायची, म्हणून मी दोघांनी दुजोरा दिला तेवढंच घेतलं. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. या गावाचा आणि त्याच्या मालकांचा इतिहास आधी कुणी लिहिला नव्हता, आणि तो लिहिताना आमचं घर प्रत्येक पानावर येत होतं. चौदा पानं झाली. येळवसची रीत मी शेवटी, सविस्तर लिहिली. मला वाटलं, हाच सगळ्यात भक्कम पुरावा. सरकारी नोंदीत आमचं नाव नसेल, पण प्रत्येक मालकानं, एकानं फोनवरून का होईना, आम्हाला गावादेखत राहा म्हटलं होतं.

वकीलसाहेब तेव्हा नात्यातल्या लग्नाला आठ दिवस बाहेरगावी होते. महिन्याची मुदत उलटून गेली होती, कंपनीनं ती एकदा वाढवून दिली होती. मी आयुष्यात कुठल्या अर्जासाठी शेवटच्या तारखेपर्यंत थांबलेले नाही. माझी कामं आधी होतात. मी अर्जाला चौदा पानं जोडली, तहसील कार्यालयात आवकला दिली, पोच घेतली. एक प्रत कंपनीच्या साइट ऑफिसला माहितीसाठी दिली. तिचीही पोच घेतली. दोन्ही पोचपावत्या फाइलला लावल्या आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली.

वकीलसाहेबांनी परत आल्यावर माझ्यासमोर पानं वाचली. बाराव्या पानावर थांबले. चष्मा काढला.

"हे विचारायचे म्हणजे, प्रत्येक नव्या मालकाला?"

"हो. रीत आहे आमची."

"आणि तो म्हणायचा, राहा."

"प्रत्येक जण."

"हे कुणाकुणाला दिलंय?"

मी पोचपावत्या दाखवल्या. त्यांनी त्या वाचून फाइल मिटली. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. दुसऱ्याच्या जागेत त्याच्या मर्जीविरुद्ध, उघडपणे, वर्षानुवर्षं राहिलं तर कधीतरी हक्काचं बोलता येतं. विचारून राहिलं की तो पाहुणा. पाहुण्याला कितीही वर्षं झाली तरी तो पाहुणाच.

"एकदा तरी कुठल्यातरी मालकाशी भांडायचं होतं, मॅडम," ते म्हणाले. "एकदा जरी आजोबा म्हणाले असते की जा, मी हलत नाही, तर मी उभा राहिलो असतो."

मी म्हटलं, आमच्या घरात कुणी भांडलेलं नाही.

"तेच लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "चौदा पानं."

तहसीलमधून बोलावणं आलं. जीपमध्ये मी अण्णाला तयार करत होते. मी कागदावर तीन वाक्यं लिहून आणली होती. आम्ही इथं पिढ्यान् पिढ्या राहतो. हक्कानं राहतो. कुणाला विचारलेलं नाही.

"आन् आप्पानं इचारलं ते?"

"ते नको सांगूस. तो नुसता रिवाज, असं म्हण."

"तू तर लिवून दिलंयस की."

"ते मी बघते. तू एवढंच म्हण."

त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरला. त्याला वाचायला येतं, पण चष्मा घरी राहिला होता. "आप्पाला खोटं पाडू व्हय?" तो म्हणाला. रागानं नाही. ते कसं करायचं हेच त्याला समजत नव्हतं.

कंपनीचा वकील माझ्या मुलाच्या वयाचा होता. माझ्या पानांची त्यानं झेरॉक्स काढून आणली होती आणि काही ओळींवर पिवळा मार्कर फिरवला होता. तहसीलदारसाहेबांना म्हणाला, "सर, मॅडमनी फार सुंदर लिहिलंय. आमच्याकडे या जागेची एवढी माहिती नव्हती." टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मग त्यानं बारावं पान मोठ्यानं वाचलं. विडा, पटका, "इरप्पा, इरू", उंड्यांची गोष्ट. उंड्यांच्या गोष्टीला साहेब हसले, शिपाई हसला, अण्णाही हसला.

साहेबांनी अण्णाला विचारलं, "बरोबर आहे का काका? परवानगी घेऊन राहत होता?"

मी अण्णाकडे बघितलं नाही. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"इचारल्याबिगर कसं ऱ्हायाचं साहेब," अण्णा म्हणाला. "लोकाची जागा हाय."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ते चांगले गृहस्थ होते. तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, दिवाणी कोर्टात जायला तुम्ही मोकळे आहात, असं म्हणाले. आमच्या वकीलसाहेबांनी बाहेर आल्यावर मान हलवली. बारावं पान कोर्टातही बारावंच राहणार होतं. कंपनीचा तरुण वकील जिन्यात मागून आला आणि अण्णाला म्हणाला, येळवस होऊ दे, मग सामान हलवा, मी साइटवर सांगतो. अण्णानं त्याला हात जोडले. मला ते बघवलं नाही, पण मी बघितलं.

येळवसला मी सुट्टी टाकून गेले. शेतात आता ज्वारी नव्हती, ऊसही नव्हता. लोखंडी खांबांच्या रांगा विहिरीपर्यंत गेल्या होत्या. आत जाताना साइटच्या इंजिनिअरनं सगळ्यांना हेल्मेटं घालायला लावली. वहिनींच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. त्या म्हणाल्या, "पांडवास्नी बी एकेक द्या की मग." तो बिचारा गडबडला.

पाच दगड जागेवर नव्हते, कारण तिथून पॅनेलची रांग जात होती. इंजिनिअरनं ते फाटकाजवळ नीट ओळीत ठेवले होते आणि पुन्हा त्याच क्रमानं मांडता यावेत म्हणून प्रत्येकावर पिवळ्या रंगानं आकडा टाकला होता. एक ते पाच. मला ते आवडलं, हे मी लपवत नाही. मीही तसंच केलं असतं.

खोपीला कडबा शेजारच्या गावातून आणावा लागला. पूजा झाली. पंगतीला शेतकरी कोण आणि बिनशेतीचे कोण हा प्रश्न आला, कारण आता जेवू घालणाराच कुणी नव्हता. सगळं वहिनींनीच रांधून आणलं होतं. गावातले सात-आठ जण आले होते, तेही तारेच्या आत फार वेळ थांबायला तयार नव्हते. अण्णानं आप्पांचा पटका बांधला आणि विडा घेऊन इंजिनिअरपुढे उभा राहिला.

मी म्हटलं, "अण्णा, कशाला आता? घर खाली करायचंय ना."

"नवा मालक हाय. इचाराय नको?"

"उत्तर मिळालंय आपल्याला."

"ते कचेरीत. हितं न्हाय."

त्यानं विचारलं. इंजिनिअर विडा हातात घेऊन उभा राहिला. "काका, मी मालक नाही. मी पगारावर आहे."

"मग मालकाला फोन लावा की. मागल्या वक्ताला लावला हुता."

"कुणाला लावू? आमचे मॅनेजर हैदराबादला बसतात. तेही पगारावर आहेत. त्यांच्या वरचेही." तो प्रामाणिकपणे विचार करत होता. "मालक कोण ते मलापण नीट सांगता येणार नाही काका. खूप जण आहेत. बदलतातपण."

अण्णानं मान डोलावली. त्या माणसाला अडचणीत टाकल्यासारखं त्याला वाटलं असावं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "अंबील घ्या. गार हाय." आणि त्याच्या हातात वाटी दिली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी घर खाली केलं. टेम्पो कंपनीनं दिला. मी सामानाची यादी केली होती, खोली एक, खोली दोन, परसू. परसूच्या यादीत पहिली नोंद चूल होती. ती मातीची होती, न्यायची कशी हे मी लिहितानाच विचारात घ्यायला हवं होतं. वहिनींनी ती तिथंच पाणी घालून विझवली आणि पोतेरं फिरवलं. लिंब दुसऱ्या दिवशी पाडला. त्याची सावली पॅनेलवर पडत होती.

गावात आता बहुतेक शेतं अशीच चालली आहेत. पूर्वी मालक बदलला की गावात त्याचं नाव, त्याची गाडी, त्याची बायको, त्याचा स्वभाव यावर महिनाभर बोलणं चालायचं. आता कुणी बोलत नाही. कुणाबद्दल बोलणार? कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, तू लिवलेला इतिहास कुटं छापणार हायस का? मी नाही म्हटलं. चौदा पानांची मूळ प्रत फाइलला आहे. अशी माणसं तिथं राहत होती, याचा दुसरा कागद नाही. आणि त्यांना तिथं राहता आलं नाही, ते याच कागदामुळे.

अण्णाचा मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं तिथं जवळच एक खोली भाड्यानं घेतली. ओळीत बारा खोल्या, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कारखान्याची भिंत. राखायला काही नाही. अण्णा दारात बसून जाणारे ट्रक बघतो.

मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा खोलीचा मालक मोटरसायकलवरून आला. घाईत होता, पाण्याच्या टाकीचं काहीतरी बघायचं होतं. अण्णा आत गेला. मला वाटलं, पाणी आणायला गेला. तो पटका बांधून बाहेर आला. हातात विडा होता.

"राहू का, मालक?"

मालकानं विड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काका, राहा की," तो म्हणाला. "अकरा महिन्याचं अ‍ॅग्रीमेंट झालंय न्हवं?" आणि विडा तोंडात टाकून टाकीकडे गेला.

अण्णा माझ्याशेजारी येऊन बसला. पटका सोडून गुडघ्यावर ठेवला.

"अकरा म्हयन्यानं परत इचारायचं का गं?"

"हो."

"तवा मालक ह्योच असंल न्हवं?"

मी वही काढली आणि करार कुठल्या तारखेला संपतो ते बघून त्याच्या आधीची तारीख लिहून ठेवली.